डब्यातलं पाणी कॅसरोलमध्ये घालायचं की गाळायचं?

पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘राजम्याचे दोन डबे’. एवढंच. डब्यातलं पाणी काढून टाकायचं की डबा तसाच भांड्यात उपडा करायचा, याबद्दल एक अक्षर नाही. प्रश्न इतका किरकोळ वाटतो की त्या वेळी जे सुचेल ते केलं जातं. मग एकदा कॅसरोल छान घट्ट होतो, आणि पुढच्या वेळी त्याच पाककृतीने, त्याच ओव्हनमध्ये, पहिला डाव काढताच खाली पाणी साचतं.

आधी आकडे बघू. राजम्याच्या किंवा काबुली चण्यांच्या ४०० ग्रॅमच्या डब्यावर बरेचदा दोन वजनं छापलेली असतात. पहिलं निव्वळ वजन, म्हणजे दाणे आणि पाणी मिळून. दुसरं पाणी निथळल्यानंतरचं, आणि ते बहुधा २४० ग्रॅमच्या आसपास असतं. उरलेले १६० ग्रॅम म्हणजे पाणी. दोन डबे उघडले की जवळजवळ ३२० मिलिलिटर पाणी हातात येतं, म्हणजे सव्वा कपाहून जास्त. पाककृतीत ‘सव्वा कप पाणी घाला’ असं लिहिलेलं असतं तर आपण ते मापून घातलं असतं. डब्यातून आलं म्हणून ते मोजलंच जात नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पाककृती गप्प असेल तेव्हा काय करायचं, हे सुरुवातीलाच सांगतो. कडधान्यं, भाज्या, मशरूम आणि मासे निथळून घ्या. टोमॅटो, घट्टसर सूप, सॉसमध्ये शिजवलेले बीन्स, नारळाचं दूध आणि क्रीमसारखा दाट केलेला मका तसाच घाला. निथळताना मात्र चाळणीखाली वाडगा ठेवा. ते पाणी सिंकमध्ये सोडण्याची घाई करू नका. घालायचं की नाही आणि किती, हे सगळं मिश्रण एकत्र झाल्यावर, भांडं ओव्हनमध्ये जाण्याआधी ठरवायचं. पुढचा सगळा लेख या एका सवयीमागची कारणं सांगण्यासाठी आहे, कारण कारणं कळली की पाककृती गप्प असली तरी अडत नाही.

इथे कॅसरोल म्हणजे खोलगट भांड्यात भाज्या, कडधान्यं, मांस किंवा मासे, पास्ता किंवा भात आणि सगळ्यांना धरून ठेवणारा सॉस असं एकत्र करून ओव्हनमध्ये शिजवलेला पदार्थ. वरून बहुतेक वेळा चीज किंवा ब्रेडच्या चुऱ्याचा खरपूस थर. यातला ‘धरून ठेवणारा सॉस’ लक्षात असू द्या. डब्यातल्या पाण्याची खरी गाठ त्याच्याशी पडते.

ते पाणी असतं तरी काय

डब्यातलं पाणी घाण असतं, शिळं असतं, त्यात काहीतरी औषध घातलेलं असतं, अशा समजुती पुष्कळ आहेत. पदार्थ डब्यात कसा जातो हे पाहिलं की त्या गळून पडतात.

निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून उकळत्या पाण्यात तापवलं तर ते महिनोन्‌महिने टिकतं हे दाखवून दिलं. त्यासाठी १८१० मध्ये त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. पद्धत आजही मुळात तीच आहे. अर्धवट शिजलेला किंवा नुसता भिजवलेला पदार्थ डब्यात भरतात, वरून द्रव ओततात, झाकण बंद करतात आणि मग डबा आतल्या ऐवजासकट तापवतात. ज्या पदार्थांत आंबटपणा कमी असतो, म्हणजे ज्यांचा पीएच ४.६ पेक्षा जास्त असतो, त्यांना वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. कडधान्यं, मका, मटार, फरसबी, मशरूम, मासे सगळे याच गटातले. टोमॅटो आणि बहुतेक फळं आंबट असल्यामुळे त्यांना इतकी उष्णता लागत नाही.

द्रव ओतण्यामागे साधी गरज आहे. दाण्यांच्या मधल्या फटींत हवा राहिली तर उष्णता आत नीट पोचत नाही. पाणी असलं की ते डब्यात फिरतं आणि उष्णता मधोमध असलेल्या दाण्यापर्यंत लवकर नेतं. शिवाय हवा बाहेर राहते आणि पदार्थ एकमेकांवर घासून मोडत नाही. म्हणजे हे पाणी पदार्थाबरोबरच शिजलेलं आणि निर्जंतुक झालेलं असतं. दाणे खाण्यालायक आहेत तर पाणीही आहे. कच्च्या राजम्यात पोटाला त्रास देणारं एक विषारी प्रथिन असतं हे खरं, पण डबाबंद करतानाच्या उष्णतेत ते निकामी होतं, तेव्हा राजम्याच्या पाण्याबद्दलही ती भीती नको.

मात्र हे पाणी आता नुसतं पाणी राहिलेलं नसतं. कडधान्याचा स्टार्च आणि थोडी प्रथिनं त्यात उतरतात, म्हणून ते चिकट आणि गढूळ दिसतं. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, म्हणजे ‘क’ आणि ‘ब’ गटातली, तसंच पोटॅशियम, हेही काही प्रमाणात बाहेर येतं. मीठ तर उत्पादकानेच घातलेलं असतं. तेव्हा ते ओतून देताना नकोसं मीठ जातं, त्याबरोबर थोडं हवंसंही जातं. दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, आणि म्हणूनच ‘नेहमी गाळा’ किंवा ‘कधीच गाळू नका’ असा सरसकट नियम मला पटत नाही.

ओव्हनमध्ये पाणी जातं कुठे

‘जास्त झालं तरी ओव्हनमध्ये आटेल’ हा सगळ्यांत मोठा गैरसमज. गॅसवर उघड्या कढईत रस्सा आटवणं आणि ओव्हनमध्ये खोलगट भांड्यात आटवणं यांत खूप फरक आहे.

पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला दर लिटरमागे साधारण ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच लिटरभर पाणी उकळबिंदूला आल्यानंतर त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेसातपट. ओव्हनमधली गरम हवा भांड्याला उष्णता देते ती सावकाश, गॅसच्या ज्योतीच्या मानाने फारच सावकाश. त्यात कॅसरोलचं भांडं खोल, वरचा उघडा पृष्ठभाग लहान, आणि त्यावर चीजचा किंवा चुऱ्याचा थर. वाफेला वाट फक्त वरूनच. आणि भांड्यावर झाकण किंवा फॉइल असेल तर जी वाफ होते तीही झाकणाच्या आतल्या बाजूला थंड होऊन परत खाली ठिबकते. झाकलेल्या कॅसरोलमध्ये जेवढं पाणी घालाल जवळजवळ तेवढंच शेवटी राहील, असं धरून चालावं.

दुसरी गोष्ट खरपूसपणाची. पदार्थाला सोनेरी-तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणारी प्रक्रिया सुमारे १४० अंशांच्या पुढे जोर धरते. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही, मग ओव्हन २०० वर लावलेला असो. सगळी उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. म्हणून ओलसर कॅसरोलचा वरचा थर फिकट आणि लगदा झालेला राहतो. आणखी पंधरा मिनिटं ठेवू म्हणावं, तर तेवढ्यात कडा करपतात आणि आतल्या भाज्यांचा गाळ होतो.

तिसरी गोष्ट सॉसची, आणि माझ्या मते कॅसरोल इथेच बनतो किंवा बिघडतो. पांढरा सॉस मैद्याने घट्ट होतो. एका कप दुधाला एक मोठा चमचा मैदा घेतला तर सॉस पातळ होतो, दोन चमच्यांना मध्यम, तीन चमच्यांना चांगला घट्ट. समजा पाककृतीत दोन कप दूध आणि चार चमचे मैदा आहे. हा मध्यम सॉस झाला, कॅसरोलसाठी अगदी योग्य. आता त्यात दोन डब्यांतलं ३२० मिलिलिटर पाणी न मोजता पडलं. एकूण द्रव झाला सुमारे सव्वातीन कप, मैदा तेवढाच चार चमचे. म्हणजे कपामागे सव्वा चमचाही नाही. मध्यम सॉस पातळ सॉसच्या दारात येऊन उभा राहिला. तो आता दाण्यांना, भाज्यांना चिकटणार नाही, त्यांच्यावरून ओघळून तळाशी बसेल. पाककृतीत काहीच चूक नव्हती, तिच्यात न लिहिलेलं पाणी मात्र आत गेलं.

सूपचे डबे घालून केलेल्या कॅसरोलमध्ये हे गणित आणखी कडक होतं. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतला फरसबीचा कॅसरोल. कॅम्पबेल सूप कंपनीच्या न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथल्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तो बसवला: मशरूमच्या घट्ट सूपाचा एक डबा, थोडं दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड, शिजलेली फरसबी आणि तळलेला कुरकुरीत कांदा. हे सूप मुळातच पाणी कमी करून डब्यात भरलेलं असतं. ही कल्पना त्याच कंपनीतल्या जॉन डॉरन्स यांची, १८९७ मधली. प्यायचं सूप करायचं तर त्यात डबाभर पाणी घालतात. कॅसरोलमध्ये मात्र अर्धा-पाऊण कप दूधच घालतात, कारण तिथे ते सूप सॉसचं काम करतं. आता फरसबीचे दोन डबे न निथळता घातले तर काय होईल? फरसबीच्या डब्यात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असतं. दोन डब्यांतलं पाणी सूपाच्या अख्ख्या डब्याएवढं किंवा त्याहूनही जास्त भरेल. म्हणजे सॉस पुन्हा प्यायच्या सूपाइतका पातळ. अशा कॅसरोलमध्ये भाजी निथळणं हा पाककृतीचाच भाग समजावा, लिहिलेलं असो वा नसो.

कडधान्यं: निथळायची, धुवायची की तशीच?

सगळ्यांत जास्त प्रश्न इथेच येतात आणि उत्तरही सगळ्यांत बारकाव्याचं आहे.

मिठापासून सुरुवात करू. डबा महिनोन्‌महिने तसाच असतो, त्यामुळे मीठ पाण्यात आणि दाण्यात जवळपास सारखं पसरलेलं असतं. पाणी ओतून दिलं की डब्यातलं साधारण एक तृतीयांश सोडियम त्याबरोबर जातं. वरून नळाखाली धुतलं तर हा आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचतो. म्हणजे मोठा फरक निथळण्याने पडतो. धुण्याने जाते ती फक्त दाण्यांवरची चिकट साय. दाण्याच्या आत मुरलेलं मीठ घटकाभर धुऊन निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. कॅसरोलमध्ये सूप, चीज, सोया सॉस असे खारट पदार्थ आधीच असतात, तेव्हा घरात कुणाला रक्तदाब असेल तर निथळणं आणि धुणं दोन्ही करावं, आणि शक्य असेल तर मीठ न घातलेले डबे घ्यावेत.

पोटात वायू धरण्याची तक्रार असलेल्यांनाही निथळल्याचा थोडा फायदा होतो. कडधान्यांतल्या राफिनोज, स्टॅकिओज या साखरा आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. या साखरा पाण्यात विरघळणाऱ्या असल्याने त्यांचा काही भाग डब्यातल्या पाण्यात आलेला असतो.

मग ते पाणी ठेवायचंच कशाला? कारण त्यातला स्टार्च. चिली किंवा टोमॅटोच्या रश्शातल्या कॅसरोलमध्ये हेच पाणी सॉसला दाटपणा आणि गुळगुळीतपणा देतं. काळ्या बीन्सचं पाणी तर चवीलाही गोडसर आणि भरदार असतं. मी असा कॅसरोल करताना सगळे दाणे निथळतो, पाणी वाडग्यात ठेवतो, आणि मिश्रण कोरडं वाटलं तर साध्या पाण्याऐवजी हेच चार-पाच चमचे घालतो. मीठ मात्र ते घालून झाल्यावर, चाखून. पांढऱ्या सॉसच्या कॅसरोलमध्ये हे करू नये. राजम्याचं लालसर किंवा काळ्या बीन्सचं जांभळट पाणी पडलं की सॉस मळकट दिसतो, चव कितीही चांगली असली तरी. तिथे निथळून, नळाखाली स्वच्छ धुवून घेतलेले दाणेच हवेत.

काबुली चण्यांच्या पाण्याची गोष्ट तर आणखी वेगळी. २०१४ मध्ये फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी दाखवलं की हे पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं फेटलं जातं, पांढराशुभ्र फेस धरतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव दिलं. साधारण तीन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या जागी वापरतात. कॅसरोल बांधून यावा म्हणून अंडं घालायचं असेल आणि खाणाऱ्याला अंडं चालत नसेल, तर वाडग्यात राखून ठेवलेलं हे पाणी उपयोगी पडतं. अंड्याइतकं घट्ट ते बांधत नाही, पण बरीच मदत करतं.

बेक्ड बीन्स किंवा मसालेदार चिली सॉसमधले बीन्स यांना यातलं काहीच लागू नाही. त्यातला द्रव म्हणजे तयार सॉस. तो गाळला तर डब्याचा निम्मा ऐवज फेकल्यासारखं होईल.

टोमॅटोचा न्याय उलटा

टोमॅटोच्या डब्यात जो द्रव असतो तो वरून ओतलेलं मिठाचं पाणी नसतं. तो टोमॅटोचाच रस किंवा गर असतो, आणि पदार्थाची बरीचशी चव त्यातच असते. भरदार चव देणारं ग्लुटामेट टोमॅटोच्या बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात जास्त असतं, बाहेरच्या मांसल भागात कमी. गाळून फक्त फोडी घेतल्या तर रंग येईल, चव अर्धीच येईल. म्हणून मांस, बीन्स किंवा पास्त्याच्या कॅसरोलमध्ये टोमॅटो रसासकट घालायचे आणि बाकीचा द्रव तेवढा कमी करायचा.

दोन ठिकाणी मात्र हात आखडावा. पहिलं म्हणजे दुधाचा किंवा क्रीमचा सॉस. टोमॅटोचा रस आंबट असतो आणि दुधातलं केसिन हे प्रथिन पीएच ४.६ च्या आसपास गोळा होतं, गरम असताना त्याच्या आधीच. रस बेधडक ओतला तर सॉस फाटून त्यात बारीक कण दिसू लागतात. इथे टोमॅटो निथळून घ्यावेत, सॉस मैद्याने आधी घट्ट करून घ्यावा आणि टोमॅटो शेवटी मिसळावेत. दुसरं ठिकाण म्हणजे थर लावलेले कॅसरोल, ज्यांचे काप नीट सुटे निघायला हवेत. तिथे टोमॅटो निथळून, तो रस वेगळ्या भांड्यात गॅसवर निम्मा आटवून परत घालावा. चव राहते, पाणी जातं. थोडं जास्तीचं काम आहे, पण मला ते दरवेळी सार्थकी लागलेलं दिसतं.

एक बारीक गोष्ट: टोमॅटोच्या चौकोनी फोडी असलेल्या डब्यात बरेचदा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, फोडी मोडू नयेत म्हणून. त्या ओव्हनमध्येही विरघळत नाहीत. सॉससारखा मऊ टोमॅटो हवा असेल तर अख्ख्या टोमॅटोंचा डबा घेऊन हाताने कुस्करावा.

बाकीचे डबे

मशरूम निथळा, आणि हलक्या हाताने दाबूनही घ्या, कारण स्पंजासारखे ते पाणी धरून बसतात. त्यांचं पाणी चवीला बरं असतं, सॉसमधल्या दुधातला थोडा भाग काढून त्याजागी घालता येतं, फक्त मीठ जपून. पालकाचा डबा असेल तर नुसतं निथळून भागत नाही. मुठीत घेऊन पिळावा लागतो, नाहीतर ओव्हनमध्ये तो पाणी सोडतच राहतो. मटार, गाजर, फरसबी सरळ निथळा. त्यांच्या पाण्यात फारसं काही राखण्यासारखं नसतं.

मक्याचं पाणी गोडसर असतं, आणि मक्याच्या पिठाचा कॅसरोल असेल तर दुधाऐवजी थोडं घालायला छान. काही डब्यांत मका जवळजवळ कोरडाच भरलेला असतो, तिथे निथळायला काही नसतंच. बटाट्याच्या डब्यातलं पाणी मी टाकतो. त्यात स्टार्च असतो हे खरं, पण डब्याचा वासही असतो.

माशांचं थोडं थांबून बघायला हवं. टूना पाण्यातला असेल तर निथळून घ्या आणि चमच्याने वरून दाबून उरलेलं पाणीही काढा. माशातली स्निग्धद्रव्यं पाण्यात मिसळत नाहीत, त्यामुळे पोषणाचं फारसं नुकसान नाही. तेलातला असेल तर माशाची चव आणि काही स्निग्धद्रव्यं तेलात उतरलेली असतात, ते सगळं फेकणं वाया घालवणं आहे. पण सगळं तेल घातलं तर ते सॉसवर तवंग धरून तरंगतं. यावर चांगला तोडगा म्हणजे पांढऱ्या सॉससाठी मैदा भाजताना लोण्याऐवजी हेच तेल चमचा-दोन चमचे वापरायचं. मैद्याला लागलेलं तेल सॉसमध्ये सामावतं, वेगळं निघत नाही.

नारळाच्या दुधाचा डबा उघडल्यावर वर घट्ट साय आणि खाली पातळ पाणी दिसतं. ते खराब झालेलं नाही, स्निग्ध भाग फक्त वर आलेला आहे. ढवळून एकजीव करा. फळांचा पाक कॅसरोलमध्ये सहसा नको, कारण साखर ओव्हनमध्ये कडांना लवकर करपते. अननस स्वतःच्या रसातला असेल तर तो रस मांसाच्या कॅसरोलमध्ये चालतो. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं, त्याने मांस लगदा होऊ शकतं, पण डबाबंद अननसात ते उष्णतेने निकामी झालेलं असतं.

जिथे पाणी घालायलाच हवं

कॅसरोलमध्ये कच्चा तांदूळ किंवा न उकडलेला पास्ता असेल तर सगळा हिशोब फिरतो. आता भांड्यात पाणी पिणारं कुणीतरी आहे. कप तांदळाला साधारण दोन कप द्रव लागतो. कोरडा पास्ता स्वतःच्या वजनाइतकं किंवा त्याहून थोडं जास्त पाणी पितो. अशा वेळी डब्यांतलं पाणी ओतून देऊन वरून नळाचं पाणी घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही. बीन्सचं, मक्याचं, मशरूमचं पाणी एका मापात गोळा करा, टोमॅटोचा रसही त्यातच धरा, आणि जेवढं कमी पडेल तेवढंच साधं पाणी घाला. दाण्यादाण्यात चव मुरते. मीठ वेगळं घालू नका, शिजल्यावर बघा. टोमॅटोचा रस फार असेल तर तांदूळ शिजायला जास्त वेळ लागतो, कारण आंबट द्रवात तो सावकाश मऊ होतो. झाकण घट्ट हवं आणि वेळ थोडा वाढवून धरावा.

उलट आधीच उकडलेला पास्ता किंवा शिजवलेला भात असेल तर त्याची तहान भागलेली असते. तो थोडाफार सॉस शोषेल, बाकीचं पाणी भांड्यातच राहील.

निथळण्याची रीत

डबा उघडून झाकणानेच दाबून पाणी ओतण्याची सवय असते. त्यात बोट कापायची भीती आणि बरंचसं पाणी मागे राहतं. बारीक चाळणीत ओता, चाळणी थोडी तिरकी धरा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. निथळल्यावरचं वजन तपासतानाही साधारण दोन मिनिटंच निथळू देतात. धुतलं असेल तर आणखी थोडा वेळ द्या, कारण धुतलेल्या दाण्यांबरोबर नळाचं पाणी आत जातं, आणि ते तर बेचव पाणी.

मग सगळं मिश्रण एकत्र करून मोठा चमचा तळापासून फिरवा. चमच्याने केलेली वाट क्षणभर टिकली पाहिजे आणि मग सॉस हळूहळू परत भरून आला पाहिजे. वाट लगेच बुजली तर मिश्रण पातळ आहे, एक थेंबही घालू नका. वाट तशीच उघडी राहिली तर कोरडं आहे, वाडग्यातलं पाणी चमच्याचमच्याने घाला. उघड्या भांड्यात, झाकण न लावता भाजणार असाल तर किंचित सैल मिश्रण चालतं.

वाडग्यातलं पाणी घालण्याआधी चाखून बघा, पण एका अटीवर. डबा फुगलेला असेल, शिवणीवर खोल पोचा असेल, गळत असेल, किंवा उघडताना आतून फवारा उडाला असेल तर त्यातलं काहीही चाखू नका. बोट्युलिझमच्या विषाला वास नसतो, चव नसते. असा डबा निथळून, धुवून किंवा नुसता तापवून वापरात आणायचा विचारही नको, सगळाच्या सगळा टाकून द्यावा.

चांगल्या डब्यातलं उरलेलं पाणी झाकणाच्या काचेच्या भांड्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. उघड्या डब्यातच ठेवू नये, टोमॅटोसारखे आंबट पदार्थ तर नाहीच, कारण हवा लागली की पत्र्याचा अंश आणि चव त्यात उतरू लागते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर पुढच्या कॅसरोलला दोन-तीन खडे काढून घालता येतात.

आणि एवढं करूनही कॅसरोल पातळ निघालाच तर? झाकण काढा, भांडं ओव्हनमध्ये वरच्या बाजूला सरकवा आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त द्या. फारच पातळ असेल तर एका बाजूने पळीभर द्रव काढून छोट्या पातेल्यात घ्या, गार पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून गॅसवर उकळा आणि घट्ट झाल्यावर परत ओता. कॉर्नफ्लोअर थेट भांड्यात भुरभुरवलं तर गुठळ्या होतात. त्यानंतर ओव्हनबाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं नुसतं राहू द्या. उकळत्या सॉसपेक्षा थोडा निवलेला सॉस नेहमीच घट्ट असतो, पास्ता आणि दाणेही तेवढ्या वेळात थोडं पाणी ओढून घेतात, आणि मघाशी पातळ वाटलेला कॅसरोल बऱ्याचदा वाढण्याजोगा झालेला असतो.